विजेची गिटार आणि अरणगांवचें मौन

जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी आपोआप कांहीं ठराविक वाटांनींच चालूं लागते. अहमदनगर म्हटलें, कीं १४९० सालीं मलिक अहमदानें वसविलेलें शहर, चांदबिबीचा पराक्रम, भुईकोट किल्ला, त्या किल्ल्यांत १९४२ ते १९४५ पर्यंत स्थानबद्ध असलेले राष्ट्रीय पुढारी, नेवाशाचा खांब आणि प्रवरेकांठचा सहकारी साखर कारखाना हीं प्रकरणें क्रमानें येतात. आणि तीं यावींत हें योग्यच आहे. २०२४ सालीं जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें, तेव्हां त्या मालिकेंतील आणखी एका थोर नांवाची आठवण ताजी झाली. परंतु याच जिल्ह्याच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे, कीं तें लिहावयाचें येथें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि परदेशांतील एखाद्या संगीतवेड्या तरुणास मात्र अहमदनगर हें नांव ठाऊक असलें, तर तें बहुधा त्या प्रकरणामुळेंच ठाऊक असतें. तें प्रकरण विजेच्या गिटारीचें होय.

हें वाचून कित्येकांस हसूं येईल हें आम्ही जाणून आहों. कोठें ती इंग्रज पोरांची कर्कश वाद्यें आणि कोठें आमचा बाजरीचा, दुष्काळाचा आणि साखरेचा जिल्हा, असा प्रश्न सहज उत्पन्न होतो. त्याचें थोडक्यांत उत्तर असें, कीं जगांतील अत्यंत मोठ्या आवाजाच्या गिटारवादकांपैकीं एक, इंग्लंडांतील 'द हू' या वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड, हा अरणगांवच्या एका मौनी पुरुषास आपला गुरु मानीत आला. आणि त्या श्रद्धेची खूण ज्या रचनांवर उमटली, त्या आज पन्नास वर्षांहून अधिक काळ जगभर वाजत आहेत. मौन आणि गोंगाट यांची ही गांठ कशी पडली, तींतून काय निष्पन्न झालें, आणि तीं जुनीं वाद्यें व यंत्रें जमविणाऱ्या आजच्या शोकीन मंडळींस तीपासून कांहीं शिकण्यासारखें आहे कीं काय, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. तमाशांतील तुणतुणें ज्यानें जवळून पाहिलें आहे, त्यास तंतुवाद्याचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. तार नुसती छेडली तर तिचा आवाज क्षीण असतो. तिच्या खालचा पोकळ डबा आणि त्यावर मढविलेलें कातडें थरथरूं लागलें, म्हणजेच तो आवाज फडाच्या मागल्या रांगेपर्यंत पोंचतो. स्पेनची गिटारही अशीच पोकळ पोटाची. घरांत ती गोड वाटे. परंतु तुताऱ्या व नगारे यांनीं भरलेल्या नृत्यवृंदांत तिचा आवाज बुडून जाई. या अडचणीवर अमेरिकेंत जॉर्ज ब्यूचँप यानें १९३१ सालीं एक युक्ति काढली, आणि पुढल्या वर्षीं अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर याच्या साह्यानें ती बाजारांत आणली. पोलादी तारांजवळ लोहचुंबक बसवावयाचा आणि त्याच्याशीं बारीक तांब्याच्या तारेचे पुष्कळ वेढे घ्यावयाचे. वरची तार हालली म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रांत फरक पडतो, आणि त्या वेढ्यांत अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. येथें वाद्याचा आवाज नव्हे, तर तारेची हालचालच विजेंत उतरते. म्हणून पोकळ पोटाची आवश्यकता उरली नाहीं. हें पहिलें वाद्य ओतीव अ‍ॅल्युमिनियमचें व वाटोळ्या पोटाचें असल्यामुळें लोकांनीं त्याचें नांव 'तळण्याचा तवा' असें ठेविलें.

आपल्याकडील वाचकांस यांत एक गोष्ट विशेष वाटेल. ही पहिली विजेची गिटार छातीशीं धरून वाजवावयाची नव्हती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवीत वाजवावयाची ती हवाई पद्धतीची होती. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी ही मींड भारतीय कानांस परकी वाटली नाहीं. टाउ मो हा हवाई संगीताचा वादक १९२९ सालीं भारतांत आला, आणि १९४० नंतर कांहीं वर्षें कलकत्त्यास राहिला. तेथें या वाद्याची गोडी पुष्कळांस लागली. पुढें व्हॅन शिपले यानें विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतें वाजवून तिला घरोघरीं पोंचविलें. ब्रिजभूषण काब्रा यांनीं तिजवर राग वाजविले. मुंबईच्या चित्रपटांत गोमंतकीय वादकांनीं पाश्चात्य वाद्यांचा पाया घातला होताच. १९७१ सालच्या 'दम मारो दम' या गाण्यांतील भूपिंदर सिंग यांची गिटार तर आजही ऐकतांच ओळखूं येते. तात्पर्य, हें वाद्य आपल्याकडे आलें तें पाहुणें म्हणून. पण ओसरीवरच बसून राहिलें नाहीं.

तथापि तारेपाशीं निघणारा प्रवाह इतका दुर्बळ असतो, कीं त्यास मोठें करणारें दुसरें यंत्र नसेल तर विजेची गिटार जवळजवळ मुकीच राहील. हें दुसरें यंत्र म्हणजे ध्वनिवर्धक. आणि त्याचा प्राण म्हणजे ती निर्वात कांचेची नळी, जिला आपण रेडिओच्या काळापासून व्हॉल्व्ह म्हणत आलों. १९०४ सालीं फ्लेमिंग यानें पहिला व्हॉल्व्ह केला. १९०६ सालीं ली डी फॉरेस्ट यानें त्यांत तारेची जाळी बसविली, आणि सारी क्रांति त्या जाळीनें केली. नळींतील तापलेल्या भागापासून विद्युत्कण निघून समोरच्या पत्र्याकडे धांवतात. मधल्या जाळीवरचा विजेचा दाब किंचित् बदलला, कीं तो मोठा लोंढा कमी किंवा जास्त होतो. पाटकऱ्यानें दार दोन बोटें वरखालीं केलें, कीं साऱ्या शिवाराचें पाणी कमीजास्त होतें, तसाच हा प्रकार. ज्यांच्या घरीं मर्फी किंवा फिलिप्सचा जुना रेडिओ होता, त्यांस त्या नळ्यांचें सावकाश तापणें, आंतला तांबूस उजेड आणि मग दुरून आल्यासारखा उमटणारा आवाज आठवत असेल.

या नळीचा एक दोष असा, कीं तिला शक्तीबाहेर राबविलें तर आवाज जसाच्या तसा मोठा न होतां फाटूं लागतो. परंतु तो एकदम तुटत नाहीं. ध्वनिलहरींचीं शिखरें हळूहळू बोथट होतात, आणि मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर दाटून येतात. रेडिओ करणारे अभियंते हा दोष घालविण्यासाठीं झटले. गिटारवादकांनीं त्यालाच गुण मानिलें. बोट हलकें ठेविलें तर स्वर स्वच्छ, आणि जोरानें छेडलें तर घोगरा व तापलेला, अशी दुहेरी वाणी त्यांस एकाच यंत्रांत मिळाली. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि पुढील कांहीं वर्षांत रेडिओंतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारीच्या ध्वनिवर्धकांत मात्र ते अद्याप टिकून आहेत, याचें कारण हेंच.

यानंतरचा इतिहास वेगानें घडला. रेडिओ दुरुस्त करणारा लिओ फेंडर, ज्यास स्वतः गिटार वाजवितां येत नसे, त्यानें १९५० सालीं भरीव लांकडाची गिटार बाजारांत आणली. १९५२ सालीं गिब्सन कंपनीनें लेस पॉल या वादकाच्या नांवानें आपली गिटार काढली. १९५४ सालीं फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली. अमेरिकेचा माल इंग्लंडांत महाग पडे. तेव्हां लंडनच्या हॅनवेल भागांत ढोलांचें दुकान चालविणाऱ्या जिम मार्शल यानें फेंडरच्याच एका यंत्रावरून १९६२ सालीं आपला ध्वनिवर्धक तयार केला. त्याच्या गिऱ्हाइकांत टाउनशेंड होता, आणि त्याचें मागणें एकच होतें: आणखी मोठा आवाज. त्या मागणीमुळें १९६५ सालीं शंभर वॅटचें यंत्र झालें. आठ कर्ण्यांची एकच पेटी उचलतांना माणसें टेंकीस आलीं, म्हणून चार-चार कर्ण्यांच्या दोन पेट्या एकीवर एक रचण्याची पद्धत पडली. पुढें रॉक संगीताच्या रंगमंचावर ज्या काळ्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांचा जन्म असा ओझ्यामुळें झाला.

टाउनशेंडचा जन्म १९४५ सालचा. बाप सैन्याच्या हवाईदलांतील नृत्यवृंदांत सॅक्सोफोन वाजवी. मुलगा चित्रकला शिकावयास गेला. त्या शाळेंत त्यानें गुस्ताव मेट्झगर याचें असें मत ऐकिलें, कीं जी कला स्वतःचाच नाश करते, तीच विध्वंसाच्या या युगाचें खरें चित्र होय. १९६४ सालीं हॅरो येथील एका खानावळींत वाजवीत असतां ठेंगण्या छताला आपटून त्याच्या गिटारीची मान मोडली, श्रोते हसले, त्यानें रागानें तिचा चुराडा केला. तेव्हांपासून गिटार फोडणें हा त्याच्या मंडळीचा जणूं विधिच होऊन बसला. आमच्याकडे वाद्यास पाय लागला तरी नमस्कार करण्याची रीत आहे. दसऱ्यास आपण वाद्यांची पूजा करतों. त्या दृष्टीस हा प्रकार केवळ उन्मत्तपणाचा वाटेल, आणि त्यांत उन्माद होता हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण युद्धानंतर जन्मलेल्या त्या पिढीस आपल्या मनांतील राग कोठें ठेवावा हें ठाऊक नव्हतें, हेंही तितकेंच खरें.

आतां अरणगांवाकडे वळूं. शहराच्या दक्षिणेस दौंडच्या वाटेवर हें गांव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांतील लष्करी छावणीच्या ओसाड इमारती तेथें उरल्या होत्या. पुण्यास १८९४ सालीं जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, ज्यांस त्यांचे अनुयायी मेहेरबाबा म्हणूं लागले होते, ते १९२३ सालीं तेथें येऊन राहिले, आणि त्या जागेस मेहेराबाद हें नांव पडलें. १० जुलै १९२५ रोजीं त्यांनीं मौन धरिलें. तें पुढें सुमारें चव्वेचाळीस वर्षें, म्हणजे ३१ जानेवारी १९६९ रोजीं मेहेराझाद येथें देह ठेवीपर्यंत, सुटलें नाहीं. प्रथम ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत; १९५४ सालीं ती पाटीही त्यांनीं टाकिली, व पुढें केवळ हातांच्या खुणा उरल्या. त्यांच्या अवतारित्वाविषयीं मत देण्याचें हें स्थळ नव्हे, आणि तसें मत देण्याचा आमचा अधिकारही नाहीं. आम्हांस येथें एवढेंच नोंदवावयाचें आहे, कीं ज्या काळांत माणसाचा आवाज विजेच्या साह्यानें सहस्रपट मोठा होत होता, नेमक्या त्याच काळांत या जिल्ह्यांत एक मनुष्य न बोलतां राहिला होता, आणि दूरदूरचे लोक त्याच्याकडे ऐकावयास येत होते.

१९६७ सालीं चित्रकार माइक मॅकइनर्नी या स्नेह्याकडून टाउनशेंडला मेहेरबाबांची माहिती मिळाली. गुरुशिष्यांची प्रत्यक्ष भेट कधींच झाली नाहीं. १९६९ सालच्या मे महिन्यांत 'टॉमी' हा त्याचा संगीतबद्ध कथासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हां बाबांस जाऊन चार महिने होत आले होते. त्या कथेचा नायक आंधळा, मुका व बहिरा मुलगा आहे. बाहेरचें जग त्यास स्पर्शानें व कंपनानेंच कळतें. ज्यानें हजारों लोकांचे कान बधिर केले, त्याला कथानायक सुचला तो न ऐकणारा, न बोलणारा. या निवडीमागें अरणगांवची छाया दिसते असें आमचें मत आहे.

बाबांच्या आवडीचें एक गाणें कोल पोर्टर या अमेरिकन रचनाकाराचें 'बिगिन द बिगीन' हें होतें. १९३५ सालचें हें नृत्यगीत. त्यांच्या इच्छेप्रमाणें तें मेहेराबादच्या टेकडीवर त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं वाजविण्यांत आलें. टाउनशेंडनें १९७० सालीं तेंच गाणें स्वतः मुद्रित केलें. १९७१ सालच्या 'बाबा ओ'रायली' या रचनेच्या नांवांत मेहेरबाबा आणि टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार अशा दोघांचीं नांवें गुंफिलेलीं आहेत; आज जगांतील क्रीडांगणांवर ती रचना वाजते, पण तींतला 'बाबा' कोण हें ऐकणाऱ्यांपैकीं थोड्यांसच माहीत असतें. त्याच संग्रहांतील 'बार्गेन' हें गाणें वरकरणीं प्रेमगीत आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणें तें गुरूस उद्देशून आहे. १९७२ सालीं त्यानें बाबांच्या 'परवरदिगार' या प्रार्थनेस चाल लावून ती प्रसिद्ध केली. आणि त्याच वर्षीं तो स्वतः मेहेराबादेस येऊन समाधीपुढें उभा राहिला.

जुन्या यंत्रांच्या शोकिनांस यांत एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट सांपडेल. १९७१ च्या त्या ध्वनिमुद्रणांत टाउनशेंडनें शंभर वॅटच्या भिंती बाजूस ठेवून, जो वॉल्श या अमेरिकन वादकानें भेट दिलेली १९५९ सालची ग्रेट्श गिटार आणि त्याच सुमाराचा फेंडरचा तीन कर्ण्यांचा छोटा ध्वनिवर्धक वापरिला. आवाज प्रचंड वाटतो, पण यंत्र लहान आहे. थोड्या शक्तीचें यंत्र पूर्णपणें राबविलें, तर तें मोठ्या यंत्राच्या अर्धवट आवाजाहून अधिक भरदार वाटतें, हें त्या काळीं जाणत्यांस कळलें होतें. मोठेपणा आणि गोंगाट हीं दोन निरनिराळीं आहेत, याचें याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

दुर्दैवानें रंगमंचावर हा विवेक टिकला नाहीं. ३१ मे १९७६ रोजीं लंडनच्या चार्ल्टन येथील फुटबॉलच्या मैदानावर 'द हू'चा आवाज कर्ण्यांपासून बत्तीस मीटरांवर १२६ डेसिबल भरला, आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा वाद्यवृंद म्हणून त्यांची नोंद गिनीजच्या ग्रंथांत झाली. डेसिबलचें गणित असें आहे, कीं दहानें वाढ झाली म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते. साधें संभाषण साठ डेसिबलांचें धरिलें, तर हा आवाज त्याच्या सुमारें चाळीस लक्ष पट तीव्र होता. पुढें कानांस अपाय होतो म्हणून असा विक्रम नोंदविण्याचेंच गिनीजनें सोडून दिलें. टाउनशेंडच्या कानांनीं मात्र हिशेब चुकता करून घेतला. त्याची श्रवणशक्ति उतरली, कानांत अखंड शिटी वाजूं लागली. स्टुडिओंत कानांस लावलेल्या श्रवणयंत्रांतील मोठ्या आवाजाचा त्यांत मोठा वाटा होता असें तो सांगतो. १९८९ च्या दौऱ्यांत बराच काळ त्यानें विजेविना वाजणारी गिटारच हातीं घेतली. आणि वादकांस कानांची काळजी घ्यावयास शिकविणाऱ्या अमेरिकेंतील एका संस्थेस त्यानें द्रव्यसाह्य केलें.

येथें कोणी म्हणेल, कीं मौनी गुरूचा असा गोंगाटी शिष्य ही निव्वळ विसंगति आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. मौन ही आवाजाची केवळ उणीव असती, तर बहिऱ्या मनुष्यास तें सहज लाभलें असतें. पण ज्याचे कान गोंगाटानें बिघडतात, त्यास शांतता मिळत नाहीं. उलट ती त्याच्यापासून कायमची हिरावली जाते. भर मध्यरात्रीं, सारें गांव झोंपलेलें असतांही, त्याच्या कानांतली शिटी थांबत नाहीं. गोंगाट हा स्वर तर बुडवितोच, पण पुढें येणारें मौनही खाऊन टाकतो. शांतता ऐकावयासही कान शाबूत लागतात. याच जिल्ह्यांत नेवाशास ज्ञानेश्वरांनीं ज्या अनाहत नादाचें विवेचन केलें, तो दोन वस्तूंच्या आघातावांचून उमटणारा नाद होय. त्याचा अनुभव कोणास येवो वा न येवो. पण आघाताचा नाद हाच सर्वस्व नव्हे, एवढी जाणीव तरी त्या कल्पनेनें शेंकडों वर्षें जागी ठेविली.

आतां संग्राहकांविषयीं दोन शब्द. ज्या गिटारी एके काळीं रंगमंचावर फोडल्या गेल्या, त्यांचे तुकडेही आज लिलावांत विकले जातात. १९५८ ते १९६० च्या दरम्यानच्या गिब्सनच्या लेस पॉल गिटारी तेव्हां फारशा खपल्या नाहींत. आज त्यांची किंमत घराच्या किंमतीशीं स्पर्धा करते. २०१९ सालीं डेव्हिड गिल्मूर यानें आपला संग्रह विकला, तेव्हां त्याच्या एका काळ्या स्ट्रॅटोकास्टरला ३९ लक्ष ७५ हजार डॉलर आले. ती सारी रक्कम त्यानें हवामानरक्षणाच्या कार्यास दिली. जुन्या हायवॅट ध्वनिवर्धकांचें झांकण उघडून आंतील तारांची नेटकी जोडणी शोकीन लोक मूर्तीचें दर्शन घ्यावें तसे पाहतात. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथें होतात. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें एके काळीं रेडिओसाठीं केलेले व्हॉल्व्हही हौशी मंडळी धुंडाळीत असतात.

या हौसेंत लोभाचा भाग नाहीं असें नव्हे. तथापि तिची सर्वस्वीं निंदा करण्यास आम्ही तयार नाहीं. व्हॉल्व्हचें जुनें यंत्र वर्षानुवर्षें बंद ठेविलें तर त्यांतील विद्युत्संचयक सुकतात व तें निकामी होतें. रोज वापरिलें तर नळ्या हळूहळू झिजतात. ठेवूं म्हटलें तरी मरतें, वाजवूं म्हटलें तरी खर्च होतें. अशा वस्तूचा खरा धनी तोच, जो तिला वाजवून खर्चतो, आणि पुढल्या हातीं देण्यापूर्वीं दुरुस्त करतो. त्या दृष्टीनें तालुक्याच्या गांवीं अजून एखादा वृद्ध रेडिओ-कारागीर व्हॉल्व्हची भाषा जाणणारा असेल, तर त्याची विद्या कोणत्याही लिलावांतील गिटारीहून मोलाची आहे. ती कोणी शिकून घेतली नाहीं, तर यंत्रें राहतील आणि आवाज जाईल.

आमच्याकडील स्थिति पाहिली, तर या इतिहासाचा बोध केवळ परदेशी शोकिनांपुरता नाहीं. मार्शलच्या दुकानांत जन्मलेल्या त्या भिंती आतां आमच्या वरातींत व मिरवणुकींत ट्रॅक्टरांवर चढल्या आहेत, आणि ज्यांच्या कानांनीं गिटारीचा एकही स्वर ओळखला नाहीं, अशीं पाळण्यांतलीं मुलेंही त्यांपुढें थरथरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागास दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. तिचें काय होतें हें प्रत्येक गांवास ठाऊक आहे. टाउनशेंडनें आपल्या कानांची किंमत स्वतः दिली व ती उघडपणें सांगितली. आम्ही ती किंमत न सांगतां दुसऱ्यांच्या लेंकरांकडून वसूल करीत आहों.

दरवर्षीं ३१ जानेवारीस मेहेराबादेस देशोदेशींचे हजारों लोक जमतात, आणि दुपारीं पंधरा मिनिटें सारे स्तब्ध बसतात. त्यांत गिटारी वाजविणारेही असतात. श्रद्धा नसलेल्या मनुष्यानेंही एकदां ती पंधरा मिनिटें अनुभवावींत. खालीं दौंड-मनमाड लोहमार्गावरून गाडी जाते, रानांत कोठें होला घुमतो, वाऱ्यानें बाभळी हालतात. एरवीं न ऐकूं येणारें किती ऐकूं येतें याचा अंदाज तेव्हां येतो. त्यानंतर छेडिलेली पहिली तार, मग ती तुणतुण्याची असो कीं विजेच्या गिटारीची, जितकी मोठी वाटते, तितकी मोठी ती शंभर वॅटांनींही होत नाहीं.